मार्चनंतर माशीनं खायचं काय?

जुलै लागला की आमच्या राळेगाव तालुक्यात झाडं येतात. काळ्या पिशव्यांत, टेम्पोत बसून येतात. सोबत फलक येतो, टोप्या येतात, एखादे पाहुणे येतात. खड्डे आदल्या दिवशी मजुरांनी खणून ठेवलेले असतात. दीड तासात सगळं उरकतं आणि टेम्पो यवतमाळच्या रस्त्याला लागतो. हे आम्हाला नवं नाही. 2016 ते 2019 या काळात राज्य सरकारच्याच मोहिमा होत्या, 2 कोटी, 4 कोटी, 13 कोटी, 33 कोटी अशा चढत्या आकड्यांच्या. पुढे त्या आकड्यांच्या चौकशीसाठी विधिमंडळाला समिती नेमावी लागली.

अलीकडे या कार्यक्रमांतलं भाषण मात्र बदललं आहे. मधमाश्या कमी होताहेत, त्यांच्यासाठी देशी झाडं लावायची, आणि ती शेतकऱ्याच्या धुऱ्यावर लावायची, असं तरुण स्वयंसेवक येऊन सांगतात. ऐकून मला बरं वाटलं. मी वडकीकडच्या बाजूला वावर करते. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. पुण्याकडे ज्याला बांध म्हणतात तो आमचा धुरा, आणि त्याच्याबद्दल शहरातल्या माणसाला काही बोलावंसं वाटेल अशी माझी अपेक्षाच नव्हती. पण टेम्पोतून उतरलेली रोपं पाहिली तर त्यात मादागास्करचा गुलमोहर होता, मेक्सिकोकडचं गिरिपुष्प होतं, काशीद होता. आपला म्हणावा असा एक कडुनिंब. आता हा गुलमोहर माझ्या धुऱ्यावर लावायचा आणि त्याला मधमाश्यांचं काम म्हणायचं!

तरी रोपं देशी होती की परदेशी, एवढ्यावर माझं भांडण नाही. पुढच्या टेम्पोत सगळीच्या सगळी देशी रोपं आली तरी मी एक प्रश्न विचारणार: ही फुलणार कोणत्या महिन्यात?

आमच्याकडे सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलतं. त्याच सुमारास कपाशीला पात्या-फुलं सुरू होतात आणि दिवाळीच्या पुढेही चालतात. तूर ऑक्टोबरपासून पिवळी होते. म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर माशीला वावरात काही ना काही मिळतं, अर्थात औषधाच्या फवाऱ्यातून ती वाचली तर. पूर्वी त्यापुढे रब्बीत जवस असायचं, करडी असायची. जानेवारीत जवसाचा निळा तुकडा लांबून दिसायचा आणि त्यावर माश्यांचा नुसता गोंधळ असायचा. आता जवस पेरणारा शेतकरी शोधावा लागतो. फेब्रुवारीत कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की वावर उघडं पडतं ते थेट मृगापर्यंत. या चार-पाच महिन्यांत माशीला पोसण्याचं काम पिकं करत नाहीत, झाडं करतात. पळस आणि काटेसावर आधी, मग शिवण, भोकर, कडुनिंब, जांभूळ, करंज, नाल्याच्या काठचा अर्जुन, मे उजाडला की बेल आणि चिंच. पाऊस पडल्यावर खैर आणि बाभूळ, त्यामागून हिवर, आणि तूर फुलायच्या आसपास बोर. हा क्रम माझ्या सासूबाईंना पाठ होता. त्यांनी तो कुठल्या तक्त्यात पाहिला नव्हता. निंदायला, वेचायला, सरपणाला जाणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोरून तो दरवर्षी जातो. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या बाया तर याहून किती तरी जास्त सांगतील. झाडं वाटायला येणाऱ्यांनी त्यांना विचारलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

म्हणून एका धुऱ्यावर पन्नास कडुनिंब लावले तर मार्च-एप्रिलमध्ये मेजवानी आणि बाकी वर्षभर उपास. पाच-सहा जातींची मोजकीच झाडं, पण महिने वाटून घेणारी, एवढं झालं तरी काम होतं. लागवडीच्या अहवालात रोपांच्या संख्येचा रकाना असतो. तिथे फुलण्याच्या महिन्याचा रकाना करा, मग निम्म्या रोपवाटिकांना आपली यादी बदलावी लागेल.

कपाशीवाल्याला माशी कशाला हवी, असं विचारणारे भेटतात. प्रश्न चुकीचा नाही. कपाशीचं फूल सकाळी पिवळसर उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, आणि बव्हंशी आपलं आपण फळतं. माशी आली तर बोंडं थोडी बरी धरतात, न आली तर पीक बुडत नाही. पण पऱ्हाटीचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्यानं उडत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्यावर न्यायचा तर कीटक लागतो, नाही तर माणूस. बियाण्याच्या धंद्याला हे नेमकं ठाऊक आहे. सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी 1970 साली एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. अशा संकरित कापसाचं बी हातानं करतात. बाया, आणि लाज वाटावी अशा संख्येनं कोवळ्या पोरी, दुपारनंतर कळ्या उकलून नखानं पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या सकाळी नर वाणाच्या फुलाचा पराग एकेका फुलाला लावतात. मी दर जूनमध्ये जे पाकीट विकत आणते त्यात गुजरात नाही तर आंध्र-तेलंगणातल्या कुणाच्या तरी बोटांची मजुरी असते. माशी फुकट करते त्या कामाची किंमत कुणाला पाहायची असेल तर ती पाकिटावर छापलेली आहे.

तुरीचा हिशेब आणखी सरळ आहे. तुरीच्या फुलावर लहानसहान माशी फारशी चालत नाही. दांडगा काळा भुंगा आणि पानं कातरून नेणारी माशी, यांच्या वजनानं ते फूल उघडतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं संकरित तूर काढली तेव्हा तिच्या बीजोत्पादनाचा सगळा भार या कीटकांवरच टाकला, कारण एवढ्याशा फुलाला हातानं पराग लावत बसणं परवडणारच नाही. आणि धुऱ्यावर चढवलेला कोहळ्याचा वेल? त्याचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. माशी नसेल तर नुसती पानं बघत बसायची. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या जैवविविधतेच्या आंतरसरकारी मंचानं 2016 साली सांगितलं की जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी 75 टक्के पिकं कमी-अधिक प्रमाणात परागीकरण करणाऱ्या जिवांवर अवलंबून आहेत. आमच्या घरात तो आकडा तुरीच्या डाळीवर आणि कोहळ्याच्या भाजीवर येऊन ठेपतो.

आता झाडांपेक्षा अवघड गोष्ट. माशीला खायला लागतं तसं राहायलाही लागतं. आग्या मोहोळ उंच फांदीला लटकतं. सातेरी माशी जुन्या झाडाच्या ढोलीत घर करते. फुलोरी माशीला झुडपाची आडवी काटकी पुरते. काळा भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो. आणि बऱ्याच रानमाश्या, ज्यांची नावंही आपल्याला येत नाहीत, सरळ जमिनीत बिळं करतात, जिथे नांगर जात नाही अशा जमिनीत. अशी जमीन आता वावरात एकच उरली आहे, ती म्हणजे धुरा. त्यामुळे दोन वर्षांच्या रोपाचा फोटो काढताना मागे उभा असलेला म्हातारा मोह किंवा बेहडा तुटणार नाही ना, हे आधी बघावं. ढोली असलेलं झाड लावता येत नाही.

आणि त्या धुऱ्याचं आम्ही काय करतो? त्यावर तणनाशक मारतो. आमच्या भागात चोरबीटी किती चालते हे कृषी खात्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सरकारी मान्यता नसलेलं, तणनाशक पचवणारं कपाशीचं बियाणं. ते का चालतं हेही मला माहीत आहे, कारण निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी झेपत नाही. वाकून वाकून मोडलेली माझी कंबर मला त्याविरुद्ध फार मोठ्यानं बोलू देत नाही. पण पिकातलं तण वेगळं आणि धुऱ्यावरचं वेगळं. धुऱ्यावरचा तरोटा, आघाडा, कुर्डू, एकदांडी यांनी पऱ्हाटीचं काय घोडं मारलं? पंपात औषध उरलं की ते धुऱ्यावर मारून मोकळं व्हायचं, ही सवय झाली आहे. धुरा पिवळा पडला की शेतकरी कष्टाळू, असं गावात मानतात. (एकदांडी मूळची अमेरिकेची, असं कुणी शहाणा सांगेल. सांगू दे. माशीनं तिचा दाखला कधी मागितलेला नाही. म्हणूनच ‘देशी’ या शब्दाचा सोवळेपणा मला थोडा जास्त वाटतो.)

धुरा उघडा करण्यामागे भीतीही आहे, आणि ती शहरातून येणाऱ्यांना कळत नाही. झुडूप वाढलं की रानडुकरं दिवसा तिथे बसतात आणि रात्री तुरीत उतरतात. रोही, म्हणजे नीलगायी, तर आहेतच. अवनी वाघिणीच्या वेळचे दिवस इथले लोक विसरलेले नाहीत. 2016 ते 2018 या काळात राळेगाव, केळापूर भागातल्या 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता आणि 2 नोव्हेंबर 2018 ला बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. बरोबर झालं की चूक, यावर मुंबईत बराच वाद झाला. इथे त्या दोन वर्षांत बाया घोळक्यानं वेचायला जायच्या आणि माणसं धुऱ्यावरची झुडपं मुळासकट काढायची. जो माणूस अशा वावरात रात्री पाणी ओलायला जातो त्याला झुडपाचं महत्त्व समजावताना जरा आवाज खाली ठेवावा. त्यावर मी जो मार्ग सुचवते तो असा: घरापासून आणि पांदणीपासून दूरच्या, नाल्याकडच्या एका धुऱ्यावर झुडूप राहू द्या, बाकीच्या धुऱ्यांवर उंच खोडाची झाडं ठेवा, खालचं गवत विळ्यानं कापा. खालून आरपार दिसतं आणि वर फूलही राहतं.

फवारणीबद्दल यवतमाळ जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. 2017 च्या पावसाळ्यात फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा सरळ तोंडावर येत होता. माणसांची मोजदाद कशीबशी तरी झाली. त्याच वावरांत किती माश्या मेल्या हे मोजायला कुणी बसलं नाही, आणि त्या दिवसांत कुणी बसावं अशी अपेक्षाही नव्हती. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन ही तीन औषधं युरोपीय संघानं 2018 मध्ये मधमाश्यांच्या कारणासाठी उघड्या शेतात वापरायला बंद केली. त्यांतली पहिली दोन्ही आमच्या कृषी केंद्रांत मिळतात, आणि कपाशीचं रंगीत बी बहुधा त्यांपैकीच एकात घोळून येतं. माशी सकाळपासून दुपारपर्यंत फुलावर असते. फवारणी दुपार कलल्यावर करा, एवढं तरी स्वयंसेवकांनी घरोघर सांगितलं तर पन्नास रोपांचं पुण्य त्यातच मिळेल. त्याला टेम्पोही लागत नाही.

हे सगळं आम्हाला बाहेरून शिकायला हवं असंही नाही. आमच्या तालुक्याच्या सीमेवरून वर्धा नदी जाते. पलीकडे वर्ध्यात गांधीजींनी 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला आणि मगनवाडीत घाणी-कागदाच्या जोडीला मधमाशीपालनही आलं. त्याच वर्ध्यात डॉ. गोपाल पालीवाल यांच्या मधमाशी विकास केंद्रानं आग्या मोहोळ न जाळता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत आदिवासी मध गोळा करणाऱ्यांना शिकवली. पोळं शाबूत राहतं, पिल्लं वाचतात, माशी तिथेच टिकते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. ते शक्य झालं कारण मांघरभोवती जंगल होतं, आणि मधाचा धंदा त्या लोकांच्या हाताला आधीपासून होता. हे पाहून आमच्याकडे उत्साही मंडळी आधी पेट्या आणायला निघतात. कपाशीच्या पट्ट्यात, भर फवारणीत, मार्चनंतर फूल नसलेल्या गावात पेटी ठेवून काय मिळणार? पेटी शेवटी यावी. यवतमाळचे सुभाष शर्मा, ज्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, ते शेताबद्दल बोलताना झाड, पाखरं, गाय आणि माती वेगवेगळं काढतच नाहीत. त्यांचं सगळं मला पटतं असं नाही, पण हे पटतं.

धुऱ्यावरून झाडं गेली कशी, हेही बघायला हवं. आमच्या सासऱ्यांच्या धुऱ्यावर बाभळी होत्या, आणि त्या माशीसाठी ठेवलेल्या नव्हत्या. वखर, डवरा, तिफण, बंडीची चाकं, सगळ्याला बाभळीचं लाकूड लागायचं. फांद्या कुंपणाला, शेंगा शेळ्यांना. ट्रॅक्टर आला, बंडी गेली, लोखंडी अवजारं आली आणि बाभूळ बेकार झाली. बेकार झाल्यावर तिची सावली डोळ्यांवर आली. म्हणजे माशीचा घास माणसाच्या गरजेच्या आडोशानं टिकून होता. नव्यानं लावायचं तर झाडाला असा काही तरी कामधंदा द्यावाच लागेल. बोर, जांभूळ, आवळा, कवठ, चिंच, भोकर अशी विकता येणारी, नाही तर घरात खाता येणारी झाडं टिकतील. नुसत्या निसर्गप्रेमावर धुऱ्यावरचं झाड तीन उन्हाळे काढत नाही.

राळेगावातल्या काही कॉलेजच्या मुलामुलींशी माझं या बाबतीत जमतं, कारण ती रोपं घेऊन येत नाहीत. आधी उन्हाळ्यात शेतकऱ्यासोबत धुरा चालतात, आहे ते झाड कोणतं आणि फुलतं कधी ते लिहून घेतात, मग कोणता महिना रिकामा आहे ते बघतात. मे महिन्यात पळसपापडी गोळा करतात. निंबोळी पडली की लगेच पेरतात, कारण तिचं बी काही आठवड्यांत मरतं. मोहाच्या टोळांचं आणि जांभळाचंही तसंच. बाभळीच्या बियांसाठी शेळ्यांच्या वाड्यात जातात. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर उगवतं, ही गोष्ट त्यांना एका राखणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितली. जागेवर टोकलेल्या बीचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि पिशवीत गोल फिरलेल्या मुळापेक्षा आमचा उन्हाळा बरा सोसतं. उलंगवाडीनंतर गावातली गुरं मोकळी सुटतात, तेव्हा बोरीच्या काट्यांचं आळं करायला हीच पोरं येतात. फलक नसतो, त्यामुळे वर्तमानपत्रात बातमीही नसते.

पण शेजारच्या वावरातला पुतण्यासारखा पोरगा त्यांना भेटला तेव्हा त्यानं दोन गोष्टी विचारल्या आणि त्यांची उत्तरं पोरांकडे नव्हती. पहिली कायद्याची. महाराष्ट्रात 1964 पासून वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीत सागासोबत आंबा, मोह, चिंच, जांभूळही आहेत. स्वतःच्या वावरातलं, स्वतः लावलेलं झाड तोडायचं तरी परवानगी काढा. उद्या पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला झाड विकायची वेळ आली तर कार्यालयाच्या पायऱ्या कोण झिजवणार? हा कायदा जंगल वाचवायला आला, आणि धुऱ्यावर झाड न लावण्याचं कारण होऊन बसला. धुऱ्यावर नव्यानं लावलेल्या झाडाची लावतानाच नोंद व्हावी आणि तोडताना त्या नोंदीवर काम भागावं, एवढी दुरुस्ती सरकारला जड नाही.

दुसरी गोष्ट त्यानं वऱ्हाडीतच विचारली. “काकू, झाड मोठं झालं का सावलीनं माही काठची दोन तासं जाते. थ्या दोन तासाचा कापूस कोन देते?” वावरही त्याचं स्वतःचं नाही, मक्त्याचं आहे. मालकाला मक्ता पूर्ण लागतो, सावलीत गेलेल्या तासांची, म्हणजे ओळींची, सूट त्यात नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून रोपांना पैसे मिळतात, खड्ड्यांना मिळतात, फलकाला तर नक्की मिळतात. झाड जगलं तर पहिली पाच वर्षं त्या दोन तासांच्या कापसाचे पैसे शेत कसणाऱ्याच्या खात्यात टाका, मालकाच्या नव्हे, आणि त्या धुऱ्यावर तणनाशक मारलेलं दिसलं तर बंद करा. रक्कम फार मोठी होणार नाही. पुढच्या जुलैत टेम्पो येईल तेव्हा मी त्यांना हाच हिशेब दाखवणार आहे.